सही नसलेला गुलाब: एका प्रेमभ्रमाचं प्रकरण

फ्रान्समध्ये डेझीच्या पाकळ्या खुडताना पाच पायऱ्या मोजतात. थोडंसं, खूप, उत्कट, वेड्यासारखं, मुळीच नाही. पाकळ्या उरल्या असतील तर पुन्हा पहिल्यापासून. लेतिस्या कोलोंबानी यांच्या २००२ सालच्या चित्रपटाच्या नावात यातल्या शेवटच्या दोनच पायऱ्या आहेत: 'आ ला फोली... पा द्यू तू'. वेड्यासारखं, आणि लगेच पुढच्या पाकळीला मुळीच नाही. हे प्रकरण त्या एका पाकळीच्या अंतराचं आहे.

हा मानसशास्त्रीय थरारपट आहे. पण मनोविकाराची एक नेमकी केस म्हणून पाहिला, तर त्यातून कितीतरी जास्त हाती लागतं. इथे तो तसाच वाचला आहे आणि शेवटापर्यंत सगळं उघड केलं आहे. चित्रपट आधी पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

घटना, जशी आधी दिसते तशी

शहर बोर्दो. कोलोंबानींचा जन्मही याच शहरातला, १९७६ चा. पूर्ण लांबीचा हा त्यांचा पहिला चित्रपट आणि पटकथा कारोलीन तिव्हेल यांच्याबरोबर लिहिलेली. आंजेलिक (ऑद्रे तोतू) ही चित्रकलेची गुणी विद्यार्थिनी. तिला शिष्यवृत्ती आहे, एका कॅफेत ती अर्धवेळ काम करते आणि सुट्टीवर गेलेल्या एका श्रीमंत कुटुंबाचं घर सांभाळते. पहिल्याच प्रसंगात ती फुलांच्या दुकानात एक गुलाबी गुलाब घेते. तो डॉ. लोइक ल गारेक (साम्युएल ल बिआँ) यांच्याकडे पोचवायचा आहे, वाढदिवसासाठी. लोइक हृदयरोगतज्ज्ञ आहे, विवाहित आहे. त्याची बायको राशेल (इझाबेल कारे) वकील आहे आणि गरोदर आहे.

आंजेलिकचा मित्र दाविद (क्लेमाँ सिबोनी) तिच्यावर जीव टाकतो आणि या 'लफड्या'बद्दल नाराज असतो. आंजेलिक ठाम असते: लोइक बायकोला सोडणार. मग बातमी येते की राशेलचा गर्भपात झाला आणि नवरा-बायको वेगळे राहू लागले. आंजेलिक फ्लॉरेन्सची तिकिटं काढते, विमानतळावर वाट पाहते. तो येत नाही. त्यानंतर तिची घसरण सुरू होते. काम जातं, शिष्यवृत्ती जाते, सांभाळायला घेतलेल्या घराची दुर्दशा होते. एके दिवशी टीव्हीवर बातमी: एका महिला रुग्णाला मारहाण केल्याबद्दल लोइकला अटक. तक्रार मागे घ्यायला लावण्यासाठी आंजेलिक त्या बाईच्या घरी जाते. झटापट होते आणि त्यात हृदयविकाराचा झटका येऊन बाई मरते. संशय लोइकवर येतो. पोलीस त्याला घेऊन जायच्या आधी तो राशेलला मिठी मारतो, आणि ते आंजेलिक पाहते. घरी येऊन ती गॅस सोडते आणि जमिनीवर पडून राहते.

इथपर्यंत प्रेक्षकाच्या मनात एक ओळखीची गोष्ट तयार झालेली असते. विवाहित पुरुष, भोळी मुलगी, दिलेली आणि मोडलेली वचनं. मग पडद्यावरची दृश्यं भराभर उलटी धावू लागतात आणि आपण पुन्हा फुलांच्या दुकानात येतो.

तीच घटना, दुसऱ्या घरातून

आता कॅमेरा लोइकच्या बाजूला आहे. गुलाब येतो तेव्हा त्याला वाटतं, राशेलने पाठवला. आंजेलिक त्याला माहीत आहे ती एवढीच: शेजारचं घर सांभाळणारी मुलगी. भेटी आणि निरोप येतच राहतात, कुणाकडून ते कळत नाही. राशेलचा संशय वाढत जातो. तिला दुचाकीची धडक बसते आणि मूल जातं. भेटी पाठवणारी व्यक्ती आपल्या रुग्णांपैकीच कुणीतरी आहे असं लोइकच्या डोक्यात पक्कं बसतं, आणि तो चुकीच्या बाईवर धावून जातो. पहिल्या भागातली 'मारहाण' ती हीच.

शेजारच्या घरात गॅस सुटलेला असतो तेव्हा बेशुद्ध आंजेलिक त्यालाच सापडते. तोंडाने श्वास देऊन तो तिला वाचवतो आणि नंतर हळूहळू त्याला उलगडतं की ती व्यक्ती हीच. सगळ्याचा उगम मागाहून दाखवला आहे. राशेल गरोदर असल्याच्या आनंदात तो फुलं घेऊन निघालेला असताना त्यातला एक गुलाब त्याने समोर दिसलेल्या शेजारच्या मुलीला दिला होता. बस, एवढंच.

आजाराचं नाव आणि त्याची बांधणी

हा आजार म्हणजे एरोटोमेनिया, प्रेमभ्रम. त्याची आजही वापरली जाणारी मांडणी फ्रान्समध्येच झाली. मनोविकारतज्ज्ञ गाएताँ द क्लेरांबो (१८७२–१९३४) हे पॅरिसच्या पोलीस मुख्यालयाच्या विशेष रुग्णविभागाचे प्रमुख होते. रस्त्यावर गोंधळ घालताना पोलिसांनी पकडलेली माणसं तपासणीसाठी त्यांच्यापुढे येत. त्यांची सर्वांत गाजलेली रुग्ण ५३ वर्षांची, स्त्रियांच्या टोप्या बनवणारी एक फ्रेंच बाई. इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज आपल्यावर प्रेम करतात अशी तिची खात्री होती. त्यासाठी ती अनेकदा लंडनला गेली, बकिंगहॅम राजवाड्याबाहेर उभी राहिली आणि खिडकीचा पडदा हलला की तो आपल्यासाठी इशारा समजली. लंडनमध्ये सामान हरवलं, तेही राजाचंच कारस्थान ठरलं.

अशा प्रकरणांवरून १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लेरांबोंनी सांगितलं की या आजाराच्या मुळाशी एकच वाक्य असतं: सुरुवात त्याने केली, आणि माझ्यापेक्षा त्याचंच प्रेम जास्त आहे. या मूळ गृहीतकातून बाकीची वाक्यं आपोआप फुटतात. माझ्याविना तो सुखी होऊच शकत नाही. त्याचं लग्न खरं लग्न नव्हेच. तो माझ्यावर लक्ष ठेवून आहे, मला सांभाळतो आहे. तो माझ्याशी आडून बोलतो. सगळ्या जगाला हे माहीत आहे आणि जग आमच्या बाजूने आहे. आणि शेवटचं, सर्वांत घातक: त्याचं वागणं विसंगत आहे. तो झिडकारतो ते परीक्षा पाहण्यासाठी, किंवा मध्ये कुणीतरी अडथळा आहे म्हणून.

आंजेलिकच्या प्रकरणात ही जवळजवळ सगळी वाक्यं जागच्या जागी सापडतात. एक गुलाब म्हणजे 'सुरुवात त्याने केली'. राशेल ही पत्नी नव्हे, तो 'अडथळा'. फ्लॉरेन्सची तिकिटं तो येणारच या खात्रीवर काढलेली. क्लेरांबोंनी 'शुद्ध' प्रकाराची जी खूण सांगितली, तीही इथे आहे: आजार सुरू झाल्याचा क्षण बोट ठेवून दाखवता येतो, आवाज ऐकू येणं वगैरे भास नाहीत आणि बाकी सगळी बुद्धी शाबूत आहे. ती उत्तम चित्रं काढते, नोकरी करते, मित्रमैत्रिणींत हसते. म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

पुढच्या तीन टप्प्यांनाही क्लेरांबोंनी नावं दिली: आशा, मग दुखावलेपण, मग सूड. फ्लॉरेन्सपर्यंत आशा. विमानतळानंतर दुखावलेपण, ज्याचं टोक गॅसपाशी येतं. पटकथेतला खरा अभ्यासू भाग मात्र त्यानंतर आहे. लोइक तोंडाने श्वास देतो आणि मूळ गृहीतक पुन्हा जिवंत होतं. असा भ्रम असलेल्या माणसाच्या ओठांना 'त्याचा' स्पर्श झाला, तर त्याचा दुसरा अर्थ तिच्या मनात उमटूच शकत नाही. एका वैद्यकीय कृतीने रुग्ण तिसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्यावरून पुन्हा पहिल्यावर येते. पुढे लोइक समोर येऊन स्पष्ट नाकारतो तेव्हा ती पितळी मूर्तीने त्याच्यावर घाव घालते आणि तो जिन्यावरून कोसळतो. घाव इतक्या झटक्यात का येतो, याचं उत्तर या उडीत आहे. आशेच्या शिखरावरून ती थेट सुडात पडते, मधली पायरी लागतच नाही.

सही का नव्हती

या प्रकरणातली सर्वांत बारीक आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गुलाबासोबत नाव नव्हतं. बहुतेक प्रेक्षक हे प्रेमातलं गुपित समजतात. क्लेरांबोंच्या मांडणीतून पाहिलं की ते वेगळं दिसतं. ज्याने सुरुवात केली, ज्याचं प्रेम आपल्याहून जास्त आहे, त्याला पाठवणारी कोण हे सांगावं लागतच नाही. आंजेलिकच्या दृष्टीने तो गुलाब म्हणजे पोच. 'तुझा गुलाब मिळाला' एवढाच त्याचा अर्थ.

आणि याच कारणाने हे प्रकरण बिघडतं. नकार द्यायला समोर माणूस हवा. लोइककडे पत्ता नाही, नाव नाही, चेहरा नाही. त्यामुळे अख्ख्या पहिल्या भागात त्याच्याकडून एकही 'नाही' येत नाही, आणि येऊही शकत नाही. तिकडे आंजेलिकला त्याचं हे गप्प राहणं म्हणजे संमती वाटते. राशेललाही ते संमतीच वाटते, फक्त दुसऱ्या अर्थाने. बायको आणि पाठलाग करणारी, दोघी एकाच पुराव्यावरून एकाच निष्कर्षाला येतात. प्रेक्षकही तिथेच पोचतो.

नकार मिळाला असता तर भ्रम गेला असता, असं मात्र नाही. भ्रमाला नकार पचवता येतो. 'विसंगत वागणूक' हे वाक्य त्यासाठीच असतं. नकाराचा उपयोग वेगळा आहे. तो बाहेरच्या माणसांसाठी असतो: दाविदसाठी, राशेलसाठी, पोलिसांसाठी. दाविदने लोइकला एकदा थेट विचारलं असतं, तर पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं. तो विचारत नाही, कारण त्याला आंजेलिक हवी आहे आणि त्याच्या मनात लोइक आधीच खलनायक ठरला आहे. जवळच्या माणसांची माहिती बहुतेक वेळा एकाच तोंडून आलेली असते. अशा प्रकरणात कुटुंबीय किंवा मित्र यांनी सर्वांत आधी करायची गोष्ट हीच: दुसऱ्या बाजूचं अस्तित्व तपासणं. त्याने स्वतःहून केलेला एक फोन दाखव, त्याच्या हातचं एक पत्र दाखव. 'त्याने पाहिलं', 'त्याने फूल दिलं', 'तो आलाच नाही कारण...' एवढंच हाती आलं, तर तिथेच थांबून मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवं.

लोइकच्या चुका वेगळ्या प्रकारच्या, आणि अगदी माणसाला साजेशा. त्याने भेटी जपून ठेवल्या नाहीत, तारखा लिहिल्या नाहीत, फुलवाल्याकडे मागणी कुणाची होती याची चौकशी केली नाही. डोक्यात एक संशयित पक्का केला आणि मिळेल तो धागा तिच्याकडे ओढत गेला. बारकाईने पाहिलं तर त्याचं मनही त्या काळात आंजेलिकसारखंच चालत असतं: आधी निष्कर्ष, मग पुरावा. चित्रपटाने हे साम्य मुद्दाम ठेवलं आहे असं वाटतं, आणि चित्रपटातली सर्वांत धाडसी गोष्ट तीच आहे.

निनावी भेटी येत असतील तर करायचं ते साधं आहे, पण पहिल्या आठवड्यातच करावं लागतं. प्रत्येक वस्तू, वेष्टन आणि चिठ्ठी तारीख टाकून एका खोक्यात ठेवायची. घरातल्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं. कामाच्या ठिकाणी स्वागतकक्ष आणि सुरक्षारक्षक यांना सांगायचं. पाठवणारी व्यक्ती कळली की एकदाच, स्पष्ट, सौम्यही नाही आणि कठोरही नाही असा नकार द्यायचा, शक्यतो लेखी आणि साक्षीदारासमोर. त्यानंतर अजिबात संपर्क नाही. समजूत घालणं, रागावणं, वस्तू परत पाठवणं हे सगळं तिकडे उत्तर म्हणून पोचतं. दहा फोननंतर अकरावा उचलला, की अकरा फोन करावे लागतात एवढाच धडा समोरच्याला मिळतो.

धोका कुणाला, याचाही अंदाज या प्रकरणात चुकतो. सगळ्यांचं लक्ष लोइककडे असतं. पण आधी जखमी होते राशेल, मग मरते रुग्ण. या विषयातल्या तज्ज्ञांना हे नवं नाही. प्रेमभ्रमात ज्याच्यावर 'प्रेम' आहे त्याच्याइतकाच, कधी त्याच्याहून जास्त धोका 'मध्ये येणाऱ्याला' असतो. जोडीदार, सचिव, वकील, तक्रार करणारा रुग्ण, कुणीही. संरक्षणाची योजना आखताना त्यांची यादी पहिली करायची असते.

कायद्याची बाजूही अडचणीची होती. फ्रान्समध्ये कुणीही कुणाचाही वारंवार छळ केला तर लागू होणारं सर्वसाधारण कलम २०१४ च्या कायद्याने आलं. २००२ मध्ये नोकरीच्या ठिकाणच्या मानसिक छळाला नुकतंच स्थान मिळालं होतं. शेजारच्या निनावी मुलीने पाठवलेल्या गुलाबांना कुठल्या कलमात बसवायचं हा प्रश्नच होता. म्हणजे मारहाण किंवा मृत्यू होईपर्यंत व्यवस्थेच्या हातात फारसं काही नव्हतं.

पटकथा हे कसं साधते

पहिल्या भागात खोटं काही दाखवलेलं नाही. मग फसवणूक होते कुठे? लोइकच्या तोंडून प्रेमाचं एकही वाक्य आपण ऐकत नाही. ऐकतो ते आंजेलिकच्या तोंडून. तिच्या चेहऱ्यानंतर त्याचा चेहरा येतो, आणि या दोन शॉटच्या मधलं नातं आपणच जोडतो. संकलनाचा हा जुना नियम आहे: दोन तुकडे शेजारी ठेवले की प्रेक्षक तिसरा अर्थ स्वतः तयार करतो. प्रेमभ्रमही नेमका तसाच चालतो. पडदा हलला, मी खाली उभी होते, म्हणजे त्याने मला पाहिलं. प्रेक्षकाला आजाराचं वर्णन सांगण्याऐवजी कोलोंबानींनी त्याच्याकडून आजाराची मूळ क्रिया करवून घेतली. ही या चित्रपटाची खरी कमाई.

नटीची निवडही याच कामाला लावलेली आहे. २००१ मध्ये 'अमेली' या चित्रपटामुळे ऑद्रे तोतूचा चेहरा म्हणजे निरागस, लोकांचं गुपचूप भलं करणारी मुलगी असं समीकरण झालं होतं. ते ताजं असतानाच तिला ही भूमिका मिळाली, आणि प्रेक्षकाने पहिल्या मिनिटापासून तिच्यावर विश्वास ठेवला.

कमकुवत जागाही आहेत. लोइकची रुग्ण हृदयविकाराच्या झटक्याने मरते ती पटकथेच्या सोयीसाठी. त्यामुळे आंजेलिक खुनी आहे की नाही हा प्रश्न टळतो, आणि तो टळायला नको होता. दुसऱ्या भागात काही खुणा इतक्या उलगडून दाखवल्या आहेत की जाणत्या प्रेक्षकाला कंटाळा येतो. आणि एक व्यापक मुद्दा: पाठलाग करणारी वेडी बाई ही पडद्याची आवडती प्रतिमा आहे. मनोविकारतज्ज्ञ पॉल मलन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाठलाग करणारे १४५ जण होते आणि त्यांतले जवळपास ८० टक्के पुरुष होते. पाठलागाचे पाच प्रकारही याच अभ्यासात आले. आंजेलिक त्यांपैकी 'जवळीक शोधणारी' या प्रकारात बसते. हा एक चित्रपट पाहून सरसकट अनुमान काढू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

उपचार आणि कपाट

अटकेनंतर आंजेलिकला मनोरुग्णालयात ठेवलं जातं. फ्रेंच दंडसंहितेच्या १२२-१ कलमानुसार कृत्याच्या वेळी विवेकशक्ती पूर्ण नाहीशी झाली असेल तर फौजदारी जबाबदारी राहत नाही. मग तुरुंगाऐवजी रुग्णालय, आणि तिथून सुटका कधी हा प्रश्न मुख्यतः डॉक्टरांच्या मतावर येतो.

आणि इथेच दुसरी मोठी चूक घडते. भ्रमविकारावर भ्रमविरोधी औषधं दिली जातात. पूर्वी पिमोझाइडचं नाव आधी घेतलं जाई. त्यावर असताना हृदयाच्या ठोक्यामागच्या विद्युत क्रियेचा वेळ लांबत नाही ना, हे पाहायला ईसीजी काढावा लागतो. आता रिस्पेरिडोन, ओलान्झपिन यांसारखी औषधं जास्त वापरतात. औषधापेक्षा मोठी अडचण अशी की या रुग्णाला आपण आजारी आहोत हेच पटत नाही, आणि त्याची बुद्धी शाबूत असते. काय बोललं की सुटका होईल हे त्याला लवकर समजतं. क्लेरांबोंनी तर स्पष्टच म्हटलं होतं की अशा रुग्णांना सरळ प्रश्न विचारून उपयोग नाही. त्यांच्या भावना हलवाव्या लागतात, तेव्हा भ्रम बाहेर येतो. 'आता तुम्हाला लोइकबद्दल काय वाटतं?' या प्रश्नाचं योग्य उत्तर आंजेलिकसारखी हुशार मुलगी काही महिन्यांतच शिकेल.

म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत काही गोष्टी ठरवूनच करतात. गोळी दिल्यावर पाणी पाजून तोंड, गाल आणि जिभेखालची जागा बघायची. पंधरा मिनिटं समोर बसवायचं. शंका असेल तर रक्तातली औषधाची पातळी मोजायची. गोळ्या टाळल्या जातात असं दिसलं तर दोन ते चार आठवड्यांनी द्यायच्या, शरीरात हळूहळू मुरणाऱ्या इंजेक्शनकडे वळायचं. खोलीची नियमित तपासणी करायची, कपाट सरकवून. सुटकेचा विचार सुरू झाला की राशेल आणि लोइक यांना आधी कळवायचं, आणि ते कुठे राहतात हे रुग्णाला कळणार नाही याची व्यवस्था करायची.

चित्रपटात वर्षं जातात. लोइक वाचतो, काठीच्या आधाराने चालतो, राशेलबरोबर राहतो. डॉक्टरांच्या मते आंजेलिक बरी झाली आहे. औषधं चालू ठेवण्याच्या सूचनेसह तिला सोडतात. ती निघून गेल्यावर सफाई करणारी बाई खोलीतलं कपाट हलवते. मागच्या भिंतीवर लोइकचा चेहरा आहे, रंगीत गोळ्या चिकटवून बनवलेला. वॉर्डच्या नोंदवहीत त्या प्रत्येक गोळीपुढे 'दिली' अशी खूण असणार.